मागे मोकळी वाट

घरून, ४ मार्च

आमच्या भोंगाबाईंना मामाचे आशीर्वाद. रागावून दिलेले आहेत, पण आशीर्वादच आहेत.

तू बँड सोडलास ही बातमी मला सलूनवाल्याकडून कळावी? मी खुर्चीत, तोंडाला फेस, गळ्याशी वस्तरा, आणि तो म्हणतो, "मामा, तुमच्या भाचीला काढलं म्हणे." वस्तरा नसता तर उठून एक ठेवून दिली असती. मी म्हटलं, "काढलं नसेल, सोडलं असेल. ती सोडणाऱ्यांतली आहे." म्हटलं खरं, पण मला काहीच ठाऊक नव्हतं.

अगं, काय कमी होतं तिथे? गेल्या वर्षी त्या मोठ्या मैदानावर मी पहिल्या रांगेत होतो, कानात कापूस कोंबून. तुमचा तो ढोल्या ड्रम बडवत होता तो माझ्या बरगड्यांत वाजत होता, आणि त्या सगळ्या गदारोळाच्या वर तुझा आवाज! अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. शेजारच्या हिरव्या केसांच्या पोराला हलवून सांगितलं, "ही माझी भाची." तो म्हणाला, "काका, ऐकू येत नाही." मग त्याच्या कानात ओरडून सांगितलं. त्याने माझ्यासोबत फोटो काढून घेतला.

ताई गेली आणि तू आमच्याकडे आलीस, तेव्हा तू रडायला लागलीस की आमच्या दोरखंडाच्या शेडमधली माणसं जेवायला उठायची, कारखान्याचा भोंगा झाला समजून. तेव्हाच मी म्हटलं होतं, हे पोर गाजणार. तुमच्या बँडचा तो कवटीवाला काळा टी-शर्ट मी अजून घालतो. पिशव्या शिवून झाल्या की मामी त्याला इस्त्री करते, कवटीला सुरकुती नको म्हणून.

आणि आता म्हणे तू एकटी, एक लाकडी गिटार, आणि जुनी लोकगीतं. पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची. पाच जणांच्या आवाजात एखादा सूर इकडचा तिकडे झाला तर खपून जातो. एकटीचं सगळं उघड्यावर. लोक हसले तर मला सहन होणार नाही, सांगून ठेवतो.

फोन करू नकोस. फोनवर आपण भांडतो. लिही.

मामा

ता. क. मामी विचारते, वेळेवर जेवतेस का?


भाड्याच्या खोलीतून, ११ मार्च

प्रिय मामा,

लोटांगण घातलंय असं समज, खोलीत तेवढी जागा नाही. एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला गिटार, मधे मी. जेवते वेळेवर, मामीला सांग.

तुला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू समजावलं असतंस, आणि मी समजले असते, म्हणून नाही सांगितलं. पण मला कुणी काढलेलं नाही. सलूनवाल्याला हे वाक्य भिंतीवर लावायला सांग.

झालं असं. गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात मधेच वीज गेली. सगळी यंत्रं मुकी. गिटारवाले नुसते उभे, ढोल्या काड्या हातात धरून बसलेला, समोर अंधारात हजारो माणसं कुजबुजतायत. काहीतरी करायला हवं म्हणून मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते तुझं दोर वळायचं गाणं. "पाठीला नाही डोळा, सांग मागे काय?" शेडमध्ये कमरेला ताग गुंडाळून तू उलटा चालत जायचास आणि ते म्हणायचास, मी पत्र्याच्या सावलीत बसून ऐकायचे. इतकी वर्षं ते कुठे होतं कोण जाणे.

मामा, लोक गप्प झाले. आणि मला माझा आवाज ऐकू आला. चौदा वर्षं मी कानातल्या यंत्रातून तो ऐकत होते, पुसून घासून चकचकीत केलेला. हा वेगळा होता. थोडा घोगरा, थोडा ताईसारखा, म्हणजे आईसारखा. मग वीज आली, पोरांनी एकदम तारा छेडल्या, लोकांनी जल्लोष केला, आणि मला वाटलं आता कुणीतरी मला पुन्हा खोलीत कोंडलं.

म्हणून सोडलं. भांडण नाही. माझी जागाही त्यांनी भरलेली नाही. आमचा व्यवस्थापक म्हणाला, "हौस फेडून घे, एक कार्यक्रम कर, नाही जमलं तर परत ये. मी थांबतो." तो कार्यक्रम मी मुद्दाम आपल्याच तालुक्याच्या गावी ठेवलाय, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात, २५ एप्रिलला संध्याकाळी. जमलं तर मी अशीच गात राहीन. नाही जमलं तर तुझी कवटी पुन्हा मैदानावर.

तुझं गाणं मी गिटारवर बसवलंय. रेकॉर्डिंग सलूनवाल्याच्या फोनवर पाठवते, कारण तुझा फोन फक्त वाजतो. ऐक आणि खरं सांग.

तुझी भोंगाबाई


घरून, २० मार्च

भोंगाबाई,

ऐकलं. सलूनमध्ये ऐकलं, गिऱ्हाइकं खोळंबली होती. आवाज सोन्यासारखा लागलाय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तुला झोडपणार आहे.

तू थांबली का नाहीस?

"सांग मागे काय?" असं विचारतेस आणि लगेच पुढची ओळ सुरू! कुणाला विचारलंस मग? भिंतीला? गिऱ्हाइकं माना डोलवत होती, आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो, तू कशाला तरी अडखळून पडतेस की काय या धास्तीने.

नीट ऐक. शेड किती लांब होती तुला आठवतं. एका टोकाला दोराला पीळ द्यायचं, हाताने फिरवायचं चाक. दुसऱ्या टोकाकडे आम्ही उलटे चालत जायचो, ताग सोडत, तोंड चाकाकडे, पाठ वाटेकडे. मागे कुणी हातगाडा उभा केलाय की पिंप लवंडलंय, आम्हाला काय दिसणार? दिसायचं चाकावरच्या माणसाला. म्हणून आपण विचारायचं, आणि उत्तर आल्याशिवाय पाऊल मागे टाकायचं नाही. उत्तर नाही आलं तर जागच्या जागी उभं राहायचं. एकजण घाईने थांबला नाही, मागे गाडा होता, तो धडपडला, दोराला फासासारखी आढी पडली आणि आढीत त्याचं बोट गेलं. ते गाणं करमणुकीचं नव्हतं, पोरी. ते काम होतं.

आता तुझी चूक पदरात घेतो, कारण ती तुझी नाहीच. तू आलीस तोवर चाकाला मोटर बसली होती. उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं. मी आपला सवयीने माझी अर्धी बाजू म्हणत जायचो. तू गाणं अर्धंच ऐकलंस आणि तेच पूर्ण समजून बसलीस. पहिलं उत्तर असं आहे,

"मागे मोकळी वाट, टाक मागे पाय."

पुढची उत्तरं माझ्याने लिहिवत नाहीत. ती माझी नव्हती.

मामा


भाड्याच्या खोलीतून, २ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग हसले, मग गिटार उचलली. अर्ध्या गाण्यावर मी अख्खा संसार सोडून आले की रे!

थांबायचा सराव करते आहे. फार कठीण आहे. बँडमध्ये सगळं शांत झालं तर त्याचा अर्थ काहीतरी बिघडलंय, इतकंच मला माहीत. परवा ढोल्या आला होता, पलंगावर बसून त्याने ऐकलं. मी विचारते आणि थांबते तिथे तो तोंड वाकडं करायचा. म्हटलं, आवडत नाही का? म्हणाला, "आवडतं गं. पण तू थांबतेस तिथे माझे हात शिवशिवतात. त्या जागी मी असायचो." मी त्याला चहा करून दिला.

पहिलं उत्तर मी स्वतःच म्हणून बघितलं. खोटं वाटतं. मीच विचारते, मीच सांगते, सगळा एकपात्री प्रयोग. मग उत्तराच्या जागी गिटारची एक तार छेडून बघितली. छान वाजते, पण तुला विचारल्याशिवाय ठेवणार नाही.

त्यापेक्षा तूच का देत नाहीस उत्तर? सभागृहात मागे बसून. तुझा आवाज अजून खणखणीत आहे. आणि चाकावर कोण होतं ते सांग ना. तो म्हातारा फोरमन का, ज्याला सगळे घाबरायचे?

एक कबूल करते, सलूनमध्ये वाचू नकोस. मला भीती वाटते आहे. मैदानावर कधी नाही वाटली. रात्र रात्र मनात येतं की व्यवस्थापकाला आजच फोन करून हो म्हणावं आणि मोकळं व्हावं.

मामीला आण. गाण्याने दुखेना का तिचं डोकं, एकदा तरी आण.

तुझी
भो.


घरून, १० एप्रिल

भोंगाबाई,

तारेने उत्तर चालणार नाही. तार काय बघते?

आणि मी देणार नाही. मी चालणारा माणूस. उत्तर द्यायचा अधिकार चाकावरच्याचा, तो आपल्याला कुणी दिलेला नाही. मी दिलं तर लोकांना कळणारही नाही, पण मला कळेल.

चाकावर फोरमन नव्हता. त्याला स्वतःच्या बुटाचे बंद दिसत नसत. होतं एक माणूस. नजर घारीची. आवाज फार मोठा नव्हे, पण पत्र्यावर न आपटता शेडच्या त्या टोकाला सरळ कानात यायचा. त्या आवाजाच्या भरवशावर मी अर्धं आयुष्य उलटा चाललो आणि एकदाही पडलो नाही. मग मालकाने मोटर बसवली आणि त्या माणसाला दुसऱ्या कामाला लावलं. त्या माणसाने गाणं तिथेच खाली ठेवलं, ते आजतागायत उचललेलं नाही. मी विषय काढत नाही. तूही काढू नकोस. भाजल्या जागी बोट लावू नये.

भीतीचं म्हणशील तर वाटू दे. ज्याला वाटत नाही त्याचंच बोट जातं.

मी येतो. टी-शर्ट घालूनच येणार, हसायचं नाही. सलूनवाला दुकान बंद करून येतोय, आणि खुर्च्या कमी पडतील असं गावभर सांगत सुटलाय. मामी मात्र नाही म्हणाली. गाण्याबजावण्याच्या ठिकाणी तिचं डोकं उठतं, तुला ठाऊकच आहे. तुझी पत्रं मी मोठ्याने वाचतो तेव्हा तिचं शिलाई मशीन खडखडत असतं, ऐकते की नाही देव जाणे. मागचं पत्र वाचताना मधेच मशीन थांबलं होतं. दोरा संपला असेल.

थांबायचं, एवढं लक्षात ठेव. कुणी उत्तर दिलं नाही तरी थांबायचं. पुढचं पुढे.

मामा


भाड्याच्या खोलीतून, २६ एप्रिल

मामा,

नमस्कार वगैरे नंतर. ती बाई कोण?

तू होतास तिथे, तरी मला माझ्या बाजूने सांगू दे. पहिली तीन गाणी बरी गेली. लोक प्रेमाने आलेले, त्यामुळे खोकलेही जपून. मग तुझं गाणं. दिवा डोळ्यांवर, समोर मला काही दिसत नव्हतं. म्हणजे पाठीलाच काय, पुढेही डोळा नव्हता. मी विचारलं, "पाठीला नाही डोळा, सांग मागे काय?" आणि थांबले.

एक खुर्ची करकरली. कुणीतरी घसा खाकरला. मला वाटलं, झालं, आता हसतील. माझा अंगठा तारेकडे गेला. एक तार छेडली असती की सुटले असते. मग तुझं वाक्य आठवलं आणि मी हात मागे घेतला. ठरवलं, नाही आलं उत्तर तर नाही, पण पाऊल टाकायचं नाही. तशीच उभी राहिले. मामा, त्या क्षणी मला माझाच अभिमान वाटला, बाकी काही झालं असतं तरी.

आणि पार मागून, दाराच्या बाजूने आलं. "मागे मोकळी वाट, टाक मागे पाय." आवाज मोठा नव्हता. सरळ आला. मी खरोखरच एक पाऊल मागे टाकलं, पायांनी मला विचारलंच नाही.

मग मी तुझी दुसरी ओळ म्हटली, "हात आले भरून, दोर किती लांब?" तिचं उत्तर तू मला कधी दिलंच नव्हतंस. मी थांबले, आणि तेही आलं. "अजून थोडा उरला, मी सांगेन तेव्हा थांब." त्यानंतर मी काय गायले मला आठवत नाही. टाळ्या आठवतात. ढोल्या तिसऱ्या रांगेत होता, गुडघ्यावर बोटसुद्धा वाजवलं नाही म्हणे त्याने. जन्मात पहिल्यांदाच.

दिवे लागले तोवर दाराशी कुणी नव्हतं. तू मंचाजवळ आलास, डोळे लाल, कवटीवर पाणी सांडलेलं, "बरं झालं" एवढंच म्हणालास आणि बस चुकेल म्हणून पळालास. शेवटच्या बसला अजून केवढा वेळ होता! खरं सांग. चाकावरचं तुझं माणूस बाई होती? तो आवाज मला कुठेतरी ओळखीचा वाटला, पण गाताना मी तो कधी ऐकलेला नाही.

व्यवस्थापकाचा सकाळपासून फोन येतोय. मी उचललेला नाही. काल जमलं, ते तिच्यामुळे. दुसऱ्या गावी ती नसेल. तिथे विचारलं आणि कुणीच बोललं नाही तर? अजून परत जाता येईल, मामा. उद्या परवा दार बंद होईल.

लवकर लिही.

भो.


घरून, २९ एप्रिल

माझ्या गुणी पोरीस,

पळालो, कारण ती बसथांब्यावर गेली असणार हे ओळखलं. तिथे तिने मला बजावलं, "पोरीची संध्याकाळ आहे, माझी करू नकोस." काल तिने परवानगी दिली, म्हणून लिहितो. चाकावर तुझी मामी होती.

आम्ही एकमेकांना पाहण्याआधी ऐकलं. माझ्या टोकावरून ती ठिपक्याएवढी दिसायची. मी विचारायचो, ती सांगायची. पुढे एक दिवस काम नसताना तिच्या टोकापर्यंत सरळ चालत गेलो आणि लग्नाचं विचारलं. त्याचंही उत्तर तिने लगेच दिलं नाही, मी उभाच होतो. मोटर आल्यावर ती गायची थांबली. मी एकदा घरात म्हणून बघितलं, तर म्हणाली, "एका खोलीत बसलेल्या माणसाला कुणी एवढी हाक मारतं का?" त्यानंतर मी नाही विचारलं. तुला वाटायचं तिला गाण्याचं वावडं आहे. मीच ते वाटू दिलं.

मी एकटाच गेलो होतो, देवाशपथ. ती मागच्या बसने आली, दाराशीच उभी राहिली. मला पत्ता नाही. तू थांबलीस तेव्हा माझा जीव टांगणीला. दोनदा माझं तोंड उघडलं, दोनदा मी ओठ चावला. आणि मग मागून ते आलं. भोंगाबाई, मी वळून बघितलं नाही. चालणाऱ्याने वळायचं नसतं, उत्तर आलं की पुरे. नुसता बसून राहिलो आणि कवटी भिजवली.

सलूनवाल्याने भिंतीवरचं तुमच्या बँडचं चित्र उतरवून तिथे सभागृहातला फोटो लावलाय. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "थांबली कशी बघितलंत? आमच्या मामांनी शिकवलं." मी त्याला थांबवत नाही. मैदानावर मला तुझा अभिमान वाटला तो ओरडून सांगावासा वाटला होता. या वेळचा एवढा आहे की सांगताच येत नाही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर मी देऊ शकत नाही. मी चालणारा. खाली ती लिहिते आहे.

मामा


पोरी,

मला लिहायची सवय नाही, मामासारखं पाल्हाळ जमणार नाही. त्याने वर काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. निम्मं वाढवून असेल.

माझ्या जागी मोटर बसवली. ती चाक माझ्यापेक्षा झकास फिरवते, मला मान्य आहे. पण तिला चालणाऱ्याच्या मागचं दिसत नाही. मालकाला सांगितलं, तो हसला. मग म्हटलं, कुणाला गरज नसेल तर आपण कशाला तोंड उघडा. राग होता, आणि थोडा तोराही होता. इतकी वर्षं पुरला.

तुझ्या मैदानावर मी आले नाही. तुझा आवाज घरातही ऐकू आला असता, एवढ्या मोठ्याने गायचीस तू. पण तिथे तू कुणाला काही विचारत नव्हतीस. या वेळी तू विचारणार होतीस. नुसतं बघायला आले. मग तुझा अंगठा तारेकडे गेला आणि परत आला, ते मला दारातून स्वच्छ दिसलं. माझी नजर अजून शाबूत आहे. तू उत्तरासाठी उभी राहिलीस, आणि मी गप्प बसू? तुला वाढवलंय मी. छाती भरून आली होती, तरी आवाज कापू दिला नाही.

दुसऱ्या गावी मी नसेन. तिथेही विचार आणि तशीच थांब. लोकांना कळायला वेळ लागतो, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. कुणीतरी देईल. एखाद्या गावात नाही दिलं तर उभी राहा, गाणं खाली ठेवू नकोस. मी ठेवलं होतं, उचलायला जड जातं.

त्या व्यवस्थापकाचा फोन उचल आणि त्याला सांग, दोर अजून उरला आहे.

मी सांगेन तेव्हा थांब.

मामी